रिलीज सीआयवर न्यायचं तर सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे की चार-पाच जणांची टीम आहे, टेस्ट सीआयवर (कोड पुश झाला की बिल्ड-टेस्ट आपोआप चालवणारी व्यवस्था) आधीपासून चालतात, पण रिलीज मात्र एकच जण स्वतःच्या लॅपटॉपवरून करतो. व्हर्जन हाताने वाढवतो, चेंजलॉग हाताने लिहितो, बिल्ड करून रजिस्ट्रीवर (लोकं जिथून पॅकेज घेतात ती जागा) चढवतो, आणि तो सुट्टीवर गेला की रिलीज अडकतं. हे सगळं ऑटोमॅटिक करायचंय, तर कुठलं टूल घ्यावं आणि आधी काय करावं?

टूलचं नंतर बघू. आधी तुमच्या रिलीजच्या पायऱ्या कागदावर काढा आणि प्रत्येकीपुढे एकच गोष्ट लिहा, ही पायरी चुकली तर परत घेता येते का. टेस्ट फेल झाली तर दुरुस्त करून परत चालवता येते, बिल्ड फसला तर पुन्हा करता येतो. पण पॅकेज एकदा रजिस्ट्रीवर गेलं की विषय संपला. एनपीएमवर (जावास्क्रिप्टची रजिस्ट्री) अनपब्लिश केलं तरी तोच व्हर्जन नंबर पुन्हा वापरता येत नाही, पायपीआयवर (पायथनची) फाइल डिलीट केली तरी त्याच नावाची फाइल परत चढवू देत नाहीत, मेव्हन सेंट्रलवरून (जावाची) तर काढूच देत नाहीत. गो मॉड्यूलचं अजून वेगळं, तिथे टॅग (कमिटला दिलेलं व्हर्जनचं नाव) हलवून दुसऱ्या कमिटवर नेला तरी प्रॉक्सीत, म्हणजे मधल्या सर्व्हरवर, जुनाच कोड साठवलेला असतो आणि चेकसम डेटाबेसमध्ये जुनाच हॅश (कोडवरून निघणारा ठसा) कायमचा नोंदलेला असतो, त्यामुळे थेट तुमच्या रेपोतून ओढणाऱ्याला चेकसम जुळत नाही म्हणून एरर येते. म्हणजे टॅग हा सुद्धा एकदा बाहेर गेला की परत न घेता येणाराच धरायचा.

माझ्या मते रिलीज पाइपलाइनचं सगळं डिझाइन या एका गोष्टीवरून ठरतं. जे परत घेता येत नाही ते सगळ्यात शेवटी, आणि त्या शेवटच्या पायरीत निर्णय घेण्यासारखं काहीही शिल्लक ठेवायचं नाही. बिल्ड नाही, टेस्ट नाही, व्हर्जन काढणं नाही. तयार फाइल उचलायची, चढवायची, बस. बरीच लोकं ऑटोमेशन म्हणजे वेळ वाचवणं समजतात, वेळ वाचतो हे खरंच आहे, पण खरा फायदा हा की बाहेर गेलेली फाइल नेमक्या कुठल्या कमिटवरून आणि कुठल्या मशीनवर बनली याला ठाम उत्तर मिळतं.

हे उत्तर नसेल तर काय होऊ शकतं याचं उदाहरण एक्सझेड युटिल्सचं, लिनक्सवर वापरलं जाणारं फाइल कॉम्प्रेस करायचं टूल. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरला एसएसएच (दूरच्या सर्व्हरवरच्या) लॉगिनला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतोय असं दिसलं आणि त्याच्या मागे लागून त्याने ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमधलं बॅकडोअर, म्हणजे आत शिरायची लपवलेली वाट, शोधून काढलं. त्यात आपल्या कामाची गोष्ट अशी की बिघडवलेला कोड टेस्ट फाइल्सच्या नावाखाली रेपोत होता, पण तो जागा करणारी बिल्ड स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हतीच, ती फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (कोडची एकत्र बांधलेली फाइल) होती. टारबॉल मेंटेनर हाताने बनवून चढवत होता आणि गिटमधला कोड आणि टारबॉलमधला कोड एकच आहे असं सगळे गृहीत धरून चालले होते. तिथे तर मेंटेनरच फितूर होता, त्यामुळे सीआयने सगळं वाचलं असतं असं मी म्हणणार नाही, पण टॅगवरून मशीनने बनवलेला टारबॉल असता तर ती ओळ निदान सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी, गिटमध्ये टाकावी लागली असती.

दुसरं उदाहरण नाइट कॅपिटल या अमेरिकन शेअर ट्रेडिंग कंपनीचं, १ ऑगस्ट २०१२. आठ सर्व्हरवर नवीन कोड हाताने कॉपी करायचा होता, एकावर राहून गेला, तपासायला दुसरा माणूस नव्हता, आणि साधारण ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरच्या वर नुकसान झालं. कंपनी त्यातून स्वतःच्या पायावर परत उभी राहिली नाही, पुढच्याच वर्षी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

आता प्रत्यक्ष काम. पहिलं पाऊल सीआयमध्ये टाकायचंच नाही. जो माणूस आज रिलीज करतो त्याच्या शेजारी बसा आणि तो जे जे करतो ते एका स्क्रिप्टमध्ये उतरवा, स्क्रिप्ट रेपोत ठेवा, मग ती एखाद्या कोऱ्या कंटेनरमध्ये चालवून बघा. पहिल्यांदा चालणार नाही, आणि त्यातच सगळी कमाई आहे. एखादा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल त्याच्या शेल प्रोफाइलमध्ये असतो, साइन करायची प्रायव्हेट की त्याच्या होम फोल्डरमध्ये असते, नोडचं किंवा पायथनचं विशिष्ट व्हर्जन त्यानेच कधीतरी टाकलेलं असतं, एखादी जनरेट केलेली फाइल गिटमध्ये नसून फक्त त्याच्या डिस्कवर असते. हे सगळं वर येईपर्यंत यॅमल (सीआयची कॉन्फिग फाइल) लिहायला घेऊ नका. आणि नंतरही यॅमल जितकं बारीक ठेवाल तितकं बरं, सीआयने फक्त स्क्रिप्टला हाक मारायची, म्हणजे उद्या जेनकिन्सवरून गिटलॅबवर किंवा गिटहब अ‍ॅक्शन्सवर जायचं झालं तर फार काही फेकून द्यावं लागत नाही, शिवाय लोकलला चालवून बघता येतं, नाहीतर एक एक ओळ बदलून पुश करत सीआयच्या तोंडाकडे बघत बसावं लागतं.

मग व्हर्जन कोण ठरवणार. सेमँटिक व्हर्जनिंगचा नियम बहुतेकांना माहीत असतो, जुनं मोडलं तर मेजर, नवीन भर घातली तर मायनर, फक्त दुरुस्ती असेल तर पॅच. कन्व्हेन्शनल कमिट्स ही पद्धत तोच नियम कमिट मेसेजमध्ये आणते, मेसेज फिक्सने सुरू झाला की पॅच वाढतो, फीटने (फीचर) सुरू झाला की मायनर, ब्रेकिंग चेंज लिहिलं की मेजर. यावर दोन प्रकारची टूल्स आहेत. सिमँटिक-रिलीज मर्ज झाल्या झाल्या स्वतःच व्हर्जन काढून पब्लिश करून मोकळं होतं. रिलीज-प्लीज मात्र एक पुल रिक्वेस्ट उघडून ठेवतं, तिच्यात पुढचं व्हर्जन आणि चेंजलॉग साठत जातो, आणि ती पुल रिक्वेस्ट तुम्ही मर्ज केली की टॅग आणि रिलीज होतं. तुमच्यासारख्या टीमला मी डोळे झाकून दुसरा प्रकार सांगेन, कारण मर्ज करायच्या आधी एका माणसाची नजर व्हर्जनवरून आणि चेंजलॉगवरून फिरते. मायनर म्हणून चाललेला बदल प्रत्यक्षात लोकांचा कोड मोडणार आहे हे कमिट मेसेजवरून मशीनला कळणार नाही, ते वाचणाऱ्या माणसालाच कळतं. एक खबरदारी घ्या, तुम्ही स्क्वॅश मर्ज (सगळे कमिट एकात दाबून मर्ज) करत असाल तर आतले कमिट मेसेज कितीही नीट लिहिले तरी मेन शाखेवर साधारण पुल रिक्वेस्टचं टायटलच जातं, तेव्हा तपासणी टायटलवर लावा.

चेंजलॉगबद्दल माझं मत जरा कडक आहे. कमिट मेसेजची आपोआप निघालेली यादी म्हणजे चेंजलॉग नव्हे. 'लिंट फिक्स', 'टेस्ट रिफॅक्टर', 'डिपेंडन्सी अपडेट' अशा चाळीस ओळी वाचून वापरणाऱ्याला काय कळणार, त्याला एवढंच हवं असतं की माझं काय मोडेल, मला काय बदलावं लागेल आणि माझा तो जुना बग गेला का. म्हणून एकतर रिलीजच्या पुल रिक्वेस्टमध्ये तो मजकूर माणसाने हाताने नीट करायचा, नाहीतर चेंजसेट्ससारखी पद्धत घ्यायची, जिथे प्रत्येक बदलाबरोबर डेव्हलपर दोन ओळींची छोटी फाइल लिहितो आणि रिलीजच्या वेळी त्या एकत्र होतात. लिहिण्याची योग्य वेळ तीच असते, महिन्याभराने कोणालाच आठवत नाही की तो बदल का केला होता.

गिटहब अ‍ॅक्शन्सवर हे बसवताना दोन ठिकाणी जवळपास प्रत्येकजण अडकतो म्हणून नीट सांगतो. एक वर्कफ्लो टॅग बनवतो आणि दुसरा वर्कफ्लो टॅग आला की पब्लिश करतो अशी रचना कागदावर छान दिसते. लावून बघितलं की पहिला वर्कफ्लो हिरवा, टॅग रेपोत दिसतोय, आणि दुसरा वर्कफ्लो सुरूच होत नाही, कुठे एरर नाही, लॉग नाही, काहीच नाही. कारण असं की वर्कफ्लोला आपोआप मिळणाऱ्या गिटहब टोकनने केलेल्या पुशवरून दुसरा वर्कफ्लो सुरू होऊ नये असं गिटहबने मुद्दाम ठेवलंय, नाहीतर एक वर्कफ्लो दुसऱ्याला आणि दुसरा पहिल्याला उठवत बसेल. यावर लोकं लगेच कोणाचं तरी पर्सनल अ‍ॅक्सेस टोकन घालतात. ते करू नका, तो माणूस टीम सोडून गेला की रिलीज बंद पडतं, म्हणजे जिथून निघालो तिथेच परत. त्यापेक्षा पब्लिशचा जॉब त्याच वर्कफ्लोत ठेवा आणि आधीच्या जॉबने 'रिलीज झालं' असं आउटपुट दिलं तरच तो चालू दे. वेगळा वर्कफ्लो हवाच असेल तर गिटहब अ‍ॅप बनवून त्याचं टोकन वापरा. दुसरी अडकायची जागा म्हणजे चेकआउट. ते डीफॉल्टने फक्त शेवटचा एक कमिट आणतं, टॅग आणत नाही, त्यामुळे गिट डिस्क्राइबवरून व्हर्जन काढणारं टूल एकतर पडतं किंवा, जास्त वाईट म्हणजे, गुपचूप ०.० असलं काहीतरी व्हर्जन लावून पुढे जातं. फेच-डेप्थ ० करा म्हणजे सगळा इतिहास टॅगसकट येतो.

आता बिल्ड. एकदाच करायचा. टेस्टला एक बिल्ड, स्टेजिंगला दुसरा, रिलीजला तिसरा असं केलं तर तुम्ही टेस्ट केलेली वस्तू आणि बाहेर दिलेली वस्तू वेगवेगळ्या झाल्या, मधल्या वेळात एखादी डिपेंडन्सी किंवा बेस इमेज बदलली असेल तर कळणारही नाही. फाइल एकदा बनवा, तिचा हॅश लिहून ठेवा आणि तीच फाइल पुढे पुढे सरकवा. डॉकर इमेज असेल तर टॅगने नाही, डायजेस्टने (इमेजच्या हॅशने) ओळखा, कारण टॅग कोणीही हलवू शकतो. आणि टेस्ट सोर्सवर चालवल्या तेवढ्यावर समाधान मानू नका, तयार पॅकेज कोऱ्या कंटेनरमध्ये इन्स्टॉल करून त्याची एक छोटी टेस्ट चालवा, निदान इम्पोर्ट होतं का आणि व्हर्जन बरोबर सांगतं का एवढी. रेपोत सगळं चालतं आणि पॅकेजमध्ये एक टेम्प्लेट फाइल जायचीच राहिलेली असते, हा प्रकार इतका नेहमीचा आहे की फक्त या एका तपासणीने खूप रिलीज वाचतात.

सगळ्यात कमी विचार केला जातो तो अर्धवट पडलेल्या रिलीजचा. समजा एका रेपोतून तीन पॅकेजेस जातात, कोअर, क्लायंट आणि कमांड लाइन टूल. कोअर गेलं, क्लायंट गेलं, तिसऱ्याला नेटवर्क तुटलं. तुम्ही री-रन दाबता आणि आता जॉब पहिल्याच पॅकेजवर पडतो, कारण ते व्हर्जन आधीच अस्तित्वात आहे. इथे माणसं घाबरून हाताने चढवायला जातात आणि मग पुन्हा लॅपटॉपवरची फाइल बाहेर जाते. त्यापेक्षा पब्लिशची स्क्रिप्ट पहिल्यापासूनच अशी लिहा की चढवण्याआधी तिने रजिस्ट्रीला विचारावं, हे व्हर्जन आहे का. नसेल तर चढव. असेल आणि हॅश जुळत असेल तर सोडून पुढे जा. असेल पण हॅश वेगळा असेल तर जोरात फेल हो आणि थांब, कारण याचा अर्थ एकाच नंबरच्या दोन वेगळ्या फाइल्स फिरतायत आणि तिथे माणसाने बघायलाच हवं. ट्वाइनमध्ये (पायपीआयवर चढवायचं टूल) आधीच असलेली फाइल सोडून देण्याचा पर्याय आहे, पण हॅशची तुलना तुमची तुम्ही करा. क्रम पण महत्त्वाचा, ज्याच्यावर बाकीचे अवलंबून आहेत ते आधी. गिटहब रिलीजच्या बाबतीत आधी ड्राफ्ट बनवा, सगळ्या फाइल्स जोडा, आणि एकदम शेवटी ड्राफ्ट सगळ्यांसाठी खुला करा, म्हणजे अर्ध्या फाइल्स असलेलं रिलीज कोणाला दिसतच नाही. याबरोबरच रिलीजच्या जॉबला कॉन्करन्सी ग्रुप लावा म्हणजे दोन रिलीज एकाच वेळी धावणार नाहीत, आणि टेस्टच्या वर्कफ्लोत असतं तसं 'नवीन आला की चालू असलेला रद्द कर' हे इथे अजिबात लावू नका.

सुरक्षेचा भाग लांबणार आहे पण तो टाळून चालत नाही, कारण तुमची पब्लिश करायची ताकद आता एका माणसाकडून मशीनकडे चालली आहे आणि हल्ला करणारे नेमकं तेच शोधत असतात. मार्च २०२५ मध्ये टीजे-अ‍ॅक्शन्स यांच्या चेंज्ड-फाइल्स या अ‍ॅक्शनचं (वर्कफ्लोत वापरायचा तयार तुकडा) काय झालं बघा, हल्लेखोराने तिचे जुने व्हर्जन टॅगच बिघडवलेल्या कमिटवर वळवले, आणि ती वापरणाऱ्या रेपोंची सीक्रेट्स (सीआयमध्ये ठेवलेली टोकन, पासवर्ड) बिल्ड लॉगमध्ये छापली जाऊ लागली. २३,००० च्या वर रेपो ती अ‍ॅक्शन वापरत होते. ज्यांनी टॅगऐवजी कमिटचा पूर्ण ४० अक्षरी हॅश लिहिला होता त्यांना वळवलेल्या टॅगने काही झालं नाही. म्हणून बाहेरची प्रत्येक अ‍ॅक्शन हॅशने बांधा, ते अपडेट करायला डिपेंडाबॉट किंवा रिनोव्हेट आहेत, हाताने करावं लागत नाही.

आणि शक्य असेल तिथे सीक्रेट ठेवूच नका. पायपीआयने एप्रिल २०२३ मध्ये ट्रस्टेड पब्लिशिंग आणलं, एनपीएमवर ते जुलै २०२५ मध्ये आलं. यात रजिस्ट्रीला एकदा सांगून ठेवायचं की अमुक रेपोतल्या अमुक वर्कफ्लोवर विश्वास ठेव, मग रिलीजच्या वेळी सीआय ओआयडीसीने (ओळख पटवायची एक प्रमाण पद्धत) आपली ओळख पटवतं आणि त्याला थोड्या वेळापुरतं टोकन मिळतं, पायपीआयचं तर १५ मिनिटांत संपतं. सेटिंग्जमध्ये वर्षानुवर्षं पडून राहिलेलं टोकन चोरीला जायची भानगडच राहत नाही. ही परवानगी फक्त पब्लिशच्या जॉबला द्या. बिल्डचा जॉब वेगळा ठेवायचा तो यासाठीच, बिल्डच्या वेळी शेकडो डिपेंडन्सींच्या स्क्रिप्ट चालतात, तिथे पब्लिशची ताकद हाताशी असता कामा नये. रिलीजच्या बिल्डमध्ये कॅशही वापरू नका, दोन-चार मिनिटं जास्त लागली तर लागू देत. आणि रिलीजसाठी वेगळं एन्व्हायर्नमेंट बनवून त्याला दुसऱ्या माणसाची मंजुरी लावता येते, प्रायव्हेट रेपोत हे तुमच्या प्लॅनवर अवलंबून आहे, मिळत असेल तर नक्की लावा.

विंडोजचं इंस्टॉलर साइन करत असाल तर एक गोष्ट माहीत असू द्या, जून २०२३ पासून कोड साइनिंग सर्टिफिकेटची प्रायव्हेट की हार्डवेअरमध्येच असावी लागते, त्यामुळे त्या कीची फाइल सीक्रेटमध्ये ठेवायची जुनी पद्धत नवीन सर्टिफिकेटला चालत नाही, सीआयवर साइन करायला साधारण क्लाउडमधली साइनिंग सेवा घ्यावी लागते. याची व्यवस्था लावायला कागदपत्रांत वेळ जातो, आधीच सुरू करा.

तुमचं पॅकेज नसून सर्व्हरवर चालणारी सेवा असेल तर वरचं बहुतेक तसंच लागू आहे, फक्त परत न घेता येणारी पायरी तिथे डेटाबेसची असते. कोड मागे नेणं म्हणजे जुना डायजेस्ट परत चढवणं, ते सोपं. कॉलम उडवला असेल तर मागे जायला जागाच नाही. म्हणून आधी नवीन कॉलम टाका, काही दिवस दोन्हीकडे लिहा, सगळा कोड नवीनवर गेला की मगच, वेगळ्या रिलीजमध्ये, जुना काढा.

चालू करताना एकदम सगळं लावू नका. आधी काही रिलीज पाइपलाइनने फक्त फाइल बनवावी आणि चढवणं माणसाने करावं, पण त्याने लॅपटॉपवर बिल्ड न करता सीआयने बनवलेली फाइलच घ्यायची. मग टेस्ट पायपीआयवर किंवा एनपीएमवर नेक्स्ट या टॅगखाली (हा गिटचा नव्हे, एनपीएमचा स्वतःचा टॅग) प्री-रिलीज सोडा. ते सुरळीत चाललं की खरं पब्लिश चालू करा, आणि त्याच दिवशी त्या माणसाच्या जुन्या टोकनची परवानगी काढून टाका, नाहीतर घाईच्या दिवशी जुना रस्ता परत वापरला जातोच.

घाईचा विषय निघालाच आहे तर हॉटफिक्सचं सांगतो. हॉटफिक्सलाही तीच पाइपलाइन, वेगळी चोरवाट ठेवायची नाही. पाइपलाइनला पाऊण तास लागत असेल आणि म्हणून लोकं ती टाळत असतील तर पाइपलाइन वेगवान करा, टेस्ट समांतर चालवा. आणि जुन्या मेजर व्हर्जनवर दुरुस्ती सोडत असाल, समजा सध्याचं ३.२.० आहे आणि तुम्ही २.९.५ सोडताय, तर एनपीएमवर टॅग स्पष्ट सांगा. एनपीएम टूलची ११ च्या आधीची व्हर्जन्स टॅग न दिलेल्या प्रत्येक पब्लिशला लेटेस्ट समजतात (११ पासून असं जुनं व्हर्जन टॅगशिवाय चढवूच देत नाही), म्हणजे त्यांनी २.९.५ चढवलं की नवीन इन्स्टॉल करणाऱ्या सगळ्यांना अचानक जुनी शाखा मिळायला लागते. प्रत्येक मेंटेनन्स ब्रांचचा टॅग तिच्या कॉन्फिगमध्येच लिहून ठेवा आणि लेटेस्ट फक्त मेनवरूनच हलेल अशी तपासणी पब्लिशच्या स्क्रिप्टमध्ये घाला, दहा-बारा ओळींचं काम आहे.